पवनचा डावा हात

मांजरसुंब्याच्या घाटाखालच्या पालीचे माणिकराव पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीनं शेतात सोडणारा माणूस. ज्याला पाणी मिळालं तो विसरून जायचा आणि ज्याला उशिरा मिळालं तो शिव्या द्यायचा, त्यामुळं नोकरीभर माणिकरावांच्या वाट्याला शिव्याच जास्त आल्या. पण घरी येऊन हातपाय धुतले आणि ढोलकी मांडीवर घेतली, की दिवसभराचं सगळं धुऊन निघायचं. भीमजयंतीच्या दिवसांत त्यांची गायन पार्टी गावोगाव फिरायची. पार माजलगावपर्यंत बोलावणं असायचं. पुढच्या रांगेतली माणसं गायकाकडं कमी आणि माणिकरावांच्या हाताकडं जास्त बघायची. गायकाला हे आवडायचं नाही. माणिकरावांना फार आवडायचं.

पुढं त्यांनी पोराला शिकवलं. पवन बापाच्या पुढं निघाला, आणि बापाला ह्याचा राग आला नाही, ही त्यातली नवलाची गोष्ट. ढोलकीला दोन तोंडं असतात. उजव्या पुडीवर शाई असते, ती टणटणीत बोलते. डाव्या पुडीला आतून मसाला लावलेला असतो, तिच्यातून घुमणारा खर्ज निघतो. उजवी बाजू शिकवून येते, असं माणिकराव म्हणायचे. डावी अंगात असावी लागते. पवनच्या अंगात ती होती. त्याच्या मनगटाचा दाब असा काही फिरायचा, की ढोलकी हुंकार भरते आहे असं वाटावं.

आणि हा हुंकार घरात सगळ्यांत जास्त कळायचा तो सरूबाईंना, ज्यांना ऐकूच येत नव्हतं.

सरूबाई म्हणजे माणिकरावांची बायको. त्यांचे कान एकदम गेले नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची कडी, मग पोरांच्या हाका, आणि शेवटी समोर बसलेल्या माणसाचं बोलणंही गेलं. शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन शिट्ट्या मारायचं, म्हणून ते त्यांनी डबीत घालून फडताळात ठेवून दिलं. लोकांच्या ओठांकडं बघून त्या निम्मं समजून घ्यायच्या आणि निम्म्यावर पाणी सोडायच्या. पण पवन रियाजाला बसला की त्या हातातलं काम टाकून त्याच्यासमोर यायच्या. शहाबादी फरशीवर तळवा टेकून बसायच्या. डाव्या पुडीचा खर्ज फरशीतून त्यांच्या हातात यायचा, हातातून खांद्यात चढायचा, आणि त्या डोळे मिटून घ्यायच्या. घरातली बाकीची माणसं त्यांच्या लेखी नुसती तोंडं हलवत होती. एकटा पवन होता ज्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता.

मागल्या वर्षी कार्यक्रमाहून परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात पवनला ट्रकनं उडवलं. ह्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि सांगवतही नाही. त्याची ढोलकी पार्टीतल्या दुसऱ्या वादकाला देऊन टाकली. माणिकरावांनी आपली स्वतःची गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकली.

सरूबाई रडल्या नाहीत. शेजारच्या रतनबाई म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर हे छातीत धरून बसेल. पण कुणी कुणाला कसं रडवायचं? सरूबाई भाकरी करत होत्या, पाणी भरत होत्या, आणि दिवस कलला की फरशीवर हात टेकून बसत होत्या. तेवढं बघून माणिकराव उठून अंगणात जायचे.

पवनच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसकार्याला, माजलगावला दिलेली लेक यशोधरा आली होती. तिच्या फोनमध्ये पवनच्या रियाजाचं एक रेकॉर्डिंग निघालं. दिवाळीच्या सुट्टीत ती आली असताना सहज म्हणून घेतलेलं. पवननंच घरात आणून ठेवलेली एक जुनी म्युझिक सिस्टिम होती, दोन खोकी आणि मध्ये मशीन. यशोधरानं फोन त्याला जोडला. ढोलकी सुरू झाली आणि बसलेल्या माणसांना हुंदके आवरेनात. सरूबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या.

"काय लागलंय?" त्यांनी विचारलं.

"पवनदादा वाजवतोय, माय." यशोधरानं ओठ मोठे करून सांगितलं.

सरूबाई झटकन उठल्या. स्पीकरसमोर बसल्या, फरशीवर तळवा ठेवला. काही नाही. मग खोक्याच्या अंगाला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"नुस्त्या मुंग्या आल्यावानी होतंय," त्या म्हणाल्या. "ह्यात पवन न्हाई."

माणसं गेल्यावर त्या माणिकरावांजवळ आल्या आणि त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. तरुणपणीही कधी धरली नव्हती.

"आवो, तुमाला ढोलकीतलं समजतं. त्येचा डावा हात ह्यात आना. मला येकदा येऊ द्या. सगळ्यांला आला, मलाच कावून न्हाई?"

माणिकरावांनी मान हलवली. हो म्हणाले. नसते म्हणाले तर बरं झालं असतं, पण त्या वेळी नाही म्हणायला छाती दगडाची लागली असती.

दुसऱ्या दिवशी यशोधरा रेकॉर्डिंगसाठी आपला फोन घरीच ठेवून सासरी गेली, आणि ते त्या स्पीकरच्या मागं हात धुऊन लागले. खोकी लोखंडी मांडणीवर होती, ती त्यांनी खाली काढली. ढोलकीवाला कोपऱ्यात बसला की खर्ज वाढतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही खोकी दोन भिंतींच्या कोनात लावून पाहिली आणि खरंच फरक पडला. फोनमधली बाकीची गाणी जरा भरून वाजू लागली. पवनची ढोलकी मात्र होती तशीच, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी वरवर.

मग त्यांनी खोक्याची पुढची जाळी काढली, आणि इथं त्यांच्या हातून जी चूक झाली ती फक्त ढोलकीवालाच करू शकतो. जाळीच्या आत काळ्या कागदाचा गोल पडदा होता आणि त्याच्या बरोबर मधोमध एक काळी चकती. माणिकराव हरखून गेले. ही तर पुडी! मधली ती शाई. मग खर्ज येत नाही म्हणजे काय, तर आतून मसाला नाही. त्यांनी राळ कुटली, एरंडेल तेलात मळली, आणि मागच्या बाजूनं बोटानं तो लगदा कागदावर असा काही प्रेमानं बसवला, की जणू उद्या जयंतीचा कार्यक्रम आहे. सकाळपर्यंत कागद सगळं तेल पिऊन बसला. स्पीकर लावला तर त्यातून पडसं झालेल्या म्हाताऱ्याचा आवाज निघायला लागला.

"आबा, असं कावून केलं?" यशोधरा नवऱ्याच्या फोनवरून म्हणाली. "स्पीकर हाय त्यो. ढोलकी न्हाई."

"वाजतंय ना? मग ढोलकीच," माणिकराव म्हणाले. चूक कबूल करायची त्यांना कालव्यावरही सवय नव्हती.

उरलेल्या एका स्पीकरवर त्यांनी रांजणाचा प्रयोग केला. त्यांच्या तरुणपणी वस्तीतली पोरं छोटा स्पीकर रांजणाच्या तोंडावर पालथा ठेवायची आणि सगळी गल्ली घुमवायची. उन्हाळ्याचे दिवस होते. घरातला एकुलता एक रांजण त्यांनी रिकामा करून बाहेर नेला, पुसला, उन्हात सुकवला आणि खोक्यातून सोडवलेला स्पीकर त्याच्या तोंडावर उपडा ठेवला. घरात बादलीतलं कोमट पाणी प्यायची वेळ आली, पण सरूबाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. एरवी रांजणातलं पाणी कुणी उष्ट्या हातानं घेतलं तरी त्या घर डोक्यावर घ्यायच्या.

पवनचं रेकॉर्डिंग लावलं. रांजण घुमला. सरूबाईंनी त्याच्या पोटाला दोन्ही तळवे लावले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"येतंय," त्या म्हणाल्या. "आवो, येतंय."

माणिकरावांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. त्यांना वाटलं, झालं. जिंकलं आपण. पण बघता बघता तो उजेड चेहऱ्यावरून उतरत गेला. सरूबाईंनी एक हात काढला, मग दुसरा.

"सारखंच हाय. येकच हुं हुं," त्या म्हणाल्या. "पवन असा सारखा न्हवता वाजवत. ह्यो रांजणच बोलतोय."

त्या बरोबर होत्या. रांजणाला एकच सूर ठाऊक असतो. त्यात काहीही ओता, तो आपलाच सूर परत देतो. माणिकरावांनी रांजण उचलून जागेवर ठेवला आणि सरूबाईंनी तो पुन्हा भरला. त्या दिवशी दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं टाळत राहिले.

ह्यानंतर मांजरसुंब्याला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिथं हायवेच्या कडेला, ढाब्यांच्या रांगेत, नवनाथ नावाच्या माणसाचं ट्रक आणि जीपमध्ये स्पीकर बसवायचं दुकान होतं. जायचं म्हणजे घाट चढून जायचं. ज्या वळणावर पवन गेला ते वळण आलं, की माणिकराव बसमध्ये दुसऱ्या अंगाला तोंड करून बसायचे. एकदा शेजारच्या माणसानं विचारलं, काका, मळमळतंय का. ते हो म्हणाले.

नवनाथनं पिशवीतला स्पीकर बाहेर काढला, नाकाजवळ नेला आणि माणिकरावांकडं पाहिलं.

"काका, ह्येला फोडणी कोन दिली?"

"म्या दिली."

नवनाथ पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्यानं सहज विचारलं की एवढा खटाटोप कशासाठी. माणिकरावांनी सांगितलं. दोनच वाक्यांत सांगितलं, कारण तिसरं बोलवलं नसतं. नवनाथनं स्पीकर खाली ठेवला आणि ढाब्यावरून चहा मागवला. मग तो पुन्हा हसला नाही.

भंगारात निघालेल्या एका जीपमधला मोठा वूफर, म्हणजे खर्जासाठीचा स्पीकर, त्यानं कोपऱ्यातून ओढून काढला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. वूफरला जाड प्लायवूडचं मोठं खोकं करा. सांध्यांत फट राहिली की बेस तिथून पळतो, म्हणून आतून डिंक आणि पुट्टी भरा. आत जुना कापूस घाला, म्हणजे आवाज खोलवर जातो. आणि चांगला राहिलेला छोटा स्पीकर वूफरच्या जोडीला लावताना तारा नीट बघा.

"लाल तार लालला, काळी काळीला. उलटी लागली तर येक ढकलतो तवा दुसरा वढतो, आन दोघं मिळून बेस खाऊन टाकतेत. लई जणांच्या घरी तसंच असतंय, आन दोष देतेत स्पीकरला."

माणिकरावांना हे पटलं. गायन पार्टीत दोन वादकांचं जमलं नाही तर असंच होतं.

घरी त्यांनी शाळेच्या जुन्या बाकांचं प्लायवूड मिळवलं आणि खोकं ठोकायला बसले. पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. कापसाचं काय करावं म्हणून ते इकडंतिकडं शोधत असताना सरूबाई आतून एक उशी घेऊन आल्या. पवनची. शिवण त्यांनी आधीच उसवून आणली होती. माणिकरावांनी हातानं नको नको केलं.

"घाला," सरूबाई म्हणाल्या. "त्येचंच काम हाय."

त्यांनी स्वतःच कापूस पिंजून पिंजून खोक्याच्या आत लावला. उशीला अजून त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता. माणिकराव त्या वेळी तारा सोलत होते आणि उगाचच पुन्हा पुन्हा सोलत राहिले.

खोकं तयार झालं. फरशीवर, भिंतीच्या कोनात बसवलं. पहिल्यांदा एक नेहमीचं भीमगीत लावून पाहिलं, चांगल्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं. फडताळातली भांडी थरथरली. वरची एक वाटी घरंगळत खाली आली. सरूबाई फरशीवर हात टेकून बसल्या होत्या आणि त्यांचं डोकं आपोआप तालावर हलायला लागलं. पवन गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. माणिकरावही हसले. स्टुडिओतला कुणी अनोळखी ढोलकीवाला ह्या घरातल्या बहिऱ्या बाईच्या हातात येऊन पोचला होता, मग घरातलंच पोर पोचणार नाही होय?

"आता पवन लावा," त्या म्हणाल्या.

माणिकरावांनी फोन जोडला, बेसचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. उजवी पुडी बोलू लागली. किती सफाईनं बोलत होती. सरूबाईंनी डोळे मिटून तळवा फरशीवर दाबून धरला होता. गत पुढं सरकली, दुप्पट झाली, पवननं एक अवघड तुकडा घेतला आणि समेवर आला. सरूबाईंनी डोळे उघडले.

"लावलं का?" त्यांनी विचारलं.

माणिकरावांनी बटण पाहिलं, ते शेवटपर्यंत फिरवलेलंच होतं. ढोलकी त्यांच्या कानात वाजत होती, आणि ती वाजवणाऱ्याची आई विचारत होती, लावलं का. त्यांनी फोन बंद केला आणि हातानं खूण केली, नाही, अजून नाही, तार सुटली आहे. उद्या.

दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन परत घाट चढून गेले. नवनाथनं तो दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या मशीनला लावला. ट्रकमध्ये बसवायचे दोन दांडगे वूफर जोडले. बटणं वर केली, खाली केली. नुसती घरघर वाढली. त्यानं वूफरच्या पडद्यावर बोट ठेवलं, मग माणिकरावांचं बोट धरून तिथं ठेवलं. पडदा हलत नव्हता.

"काका, ह्येच्यात न्हाईच ते," नवनाथ म्हणाला.

"कसं न्हाई? म्या समोर बसलोतो. त्येनं वाजवलंय."

"वाजवलं असंल. फोननं घेतलं न्हाई. एवढुसा कान त्येचा, माणसाचं बोलणं ऐकायला केलेला. खालचा आवाज त्येनं सोडून दिला. जे आत पडलंच न्हाई ते बाहेर कुठून काढायचं? लाखाचा स्पीकर आणला तरी न्हाई निघायचं."

माणिकराव तिथल्या एका टायरवर बसले. चहा आला, तो समोर निवून गेला. आधी त्यांना फोनचा राग आला, मग यशोधराचा, मग स्वतःचा, आणि मग राग करायलाही कुणी उरलं नाही. फोनचा कान सरूबाईंच्या बरोबर उलटा निघाला होता. सरूबाईंना जे ऐकू येत नव्हतं तेवढंच त्यानं जपून ठेवलं होतं, आणि त्यांना जे येत होतं ते वाऱ्यावर सोडून दिलं होतं. ह्याला काय म्हणावं? परतताना वळण आलं, तेव्हा माणिकरावांनी तोंड फिरवलं नाही. बघत राहिले. तिथं काहीच नव्हतं. एक माणूस पेरू विकत होता.

घरी सरूबाई दारातच उभ्या होत्या. "झालं का?"

माणिकरावांनी बोटानं खूण केली, होतंय.

का केली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण खूण करून बसल्यावर आता माघार नव्हती. त्यांनी माळ्यावरून आपली ढोलकी काढली, वाद्या ओढल्या, आणि दुपारची जेवणं झाली की ती सायकलला बांधून ते बिंदुसरेच्या धरणाच्या भिंतीकडं जाऊ लागले. तिथल्या झाडाखाली बसायचं, एका कानात यशोधराच्या फोनची वायर घालायची, आणि वाजवायची ती फक्त डावी पुडी. उजवी पवनची, डावी आपली. शिकवलं आपणच, मग कुठल्या बोलाखाली कुठला खर्ज येणार हे आपल्यालाच माहीत, असा त्यांचा हिशेब होता. तो पहिल्याच दिवशी चुकला. पवननं बापाचं शिकवलेलं फारसं ठेवलंच नव्हतं. जिथं बापानं थाप मारली असती तिथं तो नुसता तळवा फिरवायचा, जिथं बाप तळवा फिरवेल तिथं गप्प राहायचा. ऐकताना कसं सोपं वाटायचं. माणिकराव आठवून आठवून वाजवत होते. मनगट सुजलं, तळव्याची कातडी सोलवटली. एकेक तुकडा हाती लागला की त्यांना वाटायचं, आज पवन भेटला. आणि घरी येताना सायकलवर एकटेच रडायचे. शेळ्यांमागचे धनगर त्यांना ओळखत होते, ते काही विचारायचे नाहीत.

गत पूर्ण बसली तेव्हा त्यांनी यशोधराला बोलावून घेतलं आणि बेत सांगितला. बाहेरच्या खोलीत रेकॉर्डिंग लावायचं. मधल्या भिंतीच्या पलीकडं, स्वयंपाकघरात, त्याच फरशीवर ढोलकीचं अंग टेकवून आपण डावी वाजवायची. फरशी सगळी एकच होती. सरूबाईंना कळायचं काहीच कारण नव्हतं.

"मायला फसवायचं, आबा?" यशोधरा म्हणाली.

"फसवायचं न्हाई. भेटवायचं."

यशोधरानं त्यांच्या हातातला फोन घेतला.

दुपारी सरूबाई लुगडं बदलून, केस विंचरून त्या खोक्यासमोर येऊन बसल्या. कुणी पाहुणा यायचा असावा तशा. यशोधरा मधल्या दारात उभी राहिली. माणिकराव आत भिंतीला पाठ लावून बसले. त्यांना सरूबाई दिसत नव्हत्या, फक्त यशोधराचा चेहरा दिसत होता. तिनं मान हलवली आणि फोन सुरू केला.

उजवी पुडी बोलली. माणिकरावांनी डावा तळवा फिरवला. फरशी घुमली. यशोधरानं आईकडं पाहिलं आणि तोंडावर पदर दाबला. मग बापाकडं बघून हळूच मान हलवली, येतंय. माणिकराव वाजवत राहिले. दुप्पट झाली, तो अवघड तुकडा आला, हाताला कळ लागली आणि तुकडा सुटला नाही. आणि मध्येच कुठंतरी असं झालं, की आपण वाजवतो आहोत हे ते विसरले. एकच ढोलकी होती आणि तिच्या एका तोंडाला बाप बसला होता, दुसऱ्याला पोरगा. त्यांना इतकं सुख झालं की त्याची त्यांना भीती वाटली. शेवटची सम आली. रेकॉर्डिंग थांबलं. त्यांचा तळवा पुडीवर तसाच राहिला.

यशोधरा दारातून बाजूला झाली. सरूबाई आत आल्या होत्या.

ढोलकी लपवायला वेळच मिळाला नाही. माणिकराव चोरी पकडलेल्या पोरासारखे बसून राहिले. सरूबाई रागावल्या नाहीत. समोर फरशीवर बसल्या, त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला, उलटा करून पाहिला. सोलवटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"तुमचा हात मी वळखत न्हाई का?" त्या म्हणाल्या. "पयल्या थापंलाच कळलं. उठनार व्हते. म्हटलं, एवढं करतेत तर करू द्यावं."

माणिकरावांची मान खाली गेली.

"लई चांगलं वाजवलं," सरूबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्येचा फोनात न्हाई ना?"

माणिकरावांना आणखी एक खूण करता आली असती. नवनाथ मोठं मशीन आणणार आहे, उद्या होईल, होतंय. हात तसा वरही आला होता. तो त्यांनी खाली घेतला आणि मान हलवली. नाही.

"त्या खोक्यात बी न्हाई?"

नाही.

"मंग कुठंच न्हाई त्यो," सरूबाई म्हणाल्या. हे त्यांनी विचारलं नव्हतं, तरी माणिकरावांनी मान हलवली.

सरूबाईंनी त्यांचा हात सोडला आणि त्या रडायला लागल्या. स्वतःचं रडणं त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळं ते किती मोठं झालं आहे हे त्यांना कळत नव्हतं. रतनबाई धावत आल्या, गल्लीतल्या बाया दारात जमल्या. कुणीतरी म्हणालं, आवो, धरा तिला, गप करा. माणिकराव जागचे हलले नाहीत. पवनला जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्याच्या आईला ते आज कळलं होतं.